तळव्याने मोजलेले आठ बार

जावयाचा मान ठेवायच्या हजार रीती आहेत. बसायला बरी खुर्ची द्यावी, पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवावं, त्याच्या शिळ्या विनोदाला दोनदा हसावं. पण भर दुपारी, दोनशे माणसांच्या देखत, जावयाच्या गुडघ्यावर घण घालणारा सासरा आजवर एकच झाला. तो म्हणजे दगडखाणीतला तळव्या. आणि त्यातही नवल असं, की सगळ्या गावात त्याच्याइतका भिडस्त आणि पापभीरू माणूस शोधून सापडला नसता. रस्त्यात कुत्रं झोपलेलं असलं तर हा वळसा घालून जायचा.

तळव्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. आईबापांचं नाव खाणीच्या हजेरीवहीत होतं आणि तिथेच राहिलं. त्याचं काम सुरुंगाला बत्ती द्यायचं. पहारवाले खडकात हात-हातभर खोल भोकं पाडत. तळव्या त्या भोकांत दारू भरायचा, लाकडी दांड्याने हलक्या हाताने ठासायचा, वात सोडायचा आणि तोंड ओल्या मातीने लिंपायचा. प्रत्येक वातीची लांबी वेगळी, म्हणजे बार एकदम न उडता एकामागून एक उडत. मग शिट्टी फुंकायची, वाती पेटवायच्या आणि पाय लावून पळायचं.

पण पळणं हे काम नव्हे, ते कुणालाही येतं. खरं काम मोजण्याचं. नऊ भोकं भरली असतील तर नऊ बार उडाले पाहिजेत. एक कमी पडला, तर समजायचं की खडकाच्या पोटात एक जिवंत बार दात धरून बसलाय. वात आत धुमसत असेल, नाहीतर अर्ध्यात विझून दारू कोरी पडली असेल. पहारीचं टोक लागलं की संपलं. म्हणून खाणीच्या तोंडाशी लाल फडकं टांगायचं आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ होईपर्यंत चिटपाखरू आत सोडायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. जुने पहारवाले म्हणत, ज्यांनी लिहायचा ते सगळे आतच राहिले.

तळव्या ज्याच्या हाताखाली शिकला तो म्हातारा बत्तीवाला असाच आत राहिला. सात भोकं होती. एक म्हणाला सहा उडाले, दुसरा म्हणाला दोन एकदम उडाले म्हणून सहा वाटले. म्हाताऱ्याला भूक लागली होती, डबा आत छपरीत होता. तो गेला, तळव्या त्याच्या मागे वीस पावलांवर. नंतर सगळ्यांनी शोधलं तेव्हा म्हाताऱ्याचा एक बूट झाडाच्या फांदीत सापडला. बुटात पाय होता. डबा मात्र जागच्या जागी, झाकणसुद्धा हललं नव्हतं.

त्या दिवशी तळव्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि डावा कान कायमचा बसला. दवाखान्यातून परत आल्यावर तो पहिल्यांदा बार लावायला गेला तो बूट काढून. अनवाणी उभा राहिला, डोळे मिटले आणि तळपायांनी मोजलं. लोक हसले. तो म्हणाला, कानाला दोन आवाज एक वाटतात, एकाचे दोन वाटतात, पायाला तसं होत नाही. जमिनीने लाथ मारली की ती मारली. तेव्हापासून तो तळव्या झाला. सव्वीस वर्षं त्याने बार मोजले आणि एकदाही चुकला नाही. त्याची बायको म्हणायची, "सगळ्या जगाचं यांना तळपायांतून ऐकू येतं, माझंच तेवढं ना कानाला पोचतं ना पायाला."

असं सगळं बरं चाललं होतं, तोवर त्या मुलखात थोरले आले.

थोरले म्हणजे तिथले सर्वेसर्वा. खोटं कशाला बोला, माणूस मुळात भ्याड नव्हता. आधीच्या राजवटीची माणसं लोकांना दिव्याच्या खांबाला उलटं टांगून मारत, तेव्हा ह्याने चाळीस जण घेऊन नदीवरचा पूल धरला होता. तीन गोळ्या अंगावर घेतल्या, दारूगोळा संपल्यावर बंदुकीचा दस्ता धरून दोघांची डोकी फोडली आणि पूल सोडला नाही. नदी संध्याकाळपर्यंत लाल वाहत होती म्हणतात. थोडं वाढवून सांगत असतील, पण पुलाच्या दगडांवरचे डाग पुढे दोन वर्षं गेले नव्हते, ते तळव्याने स्वतः पाहिले होते.

पण मारामारीत तगलेला माणूस खुर्चीत तगतोच असं नाही. थोरले खुर्चीत बसले आणि चिटणीसाने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला घेतलं. चिटणीस पुलावर नव्हता. पूल पडला की टिकला हे कळेपर्यंत तो कोळशाच्या वखारीत लपला होता, पण वर्णन असं करायचा की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यानेच बंदुका भरून दिल्या. थोरल्यांच्या अंगातल्या गोळ्या ज्या डॉक्टरने काढल्या, तो म्हणायचा की गोळी बरगडीला अडकली, नशीब बलवत्तर. त्या डॉक्टरची बदली झाली. नवीन डॉक्टर म्हणाला की बरगडीच तशी आहे. तो राहिला. मग चिटणीसाने एक वाक्य काढलं: गोळीसुद्धा थोरल्यांना वळसा घालून जाते. तीन गोळ्या अंगात घुसल्या होत्या त्यांचं काय, हे विचारणारा एक शिक्षक निघाला. त्याला चौकात आणून त्याच्या दोन्ही हातांची बोटं चावडीच्या दारात चिरडली. पुन्हा कुणी विचारलं नाही. ऐकून ऐकून थोरल्यांनाही ते खरं वाटायला लागलं, आणि पुढे पुढे तर खरं होतंच असं आठवायला लागलं.

खाणीसमोरच्या उतारावर थोरल्यांनी विजयाची भिंत बांधायला काढली. सहा पुरुष उंच, अखंड दगडी, वर माणसाएवढ्या अक्षरांत त्यांचं नाव. दगड लागणार तो समोरच्या खाणीतला. पुलावरच्या लढाईच्या विजयदिनाला भिंत उभी पाहिजे, म्हणून हुकूम आला की भोकात दुप्पट दारू भरा.

तळव्या जन्मात पहिल्यांदा कुणाकडे तक्रार घेऊन गेला. टोपी हातात धरून थोरल्यांच्या कचेरीत उभा राहिला आणि म्हणाला, की साहेब, दुप्पट दारूने दगड दुप्पट निघत नाही, दुप्पट लांब उडतो. शिवाय वरचा कडा तडकलाय, त्याला हिसका सोसणार नाही. थोरले ऐकत होते, असं तळव्या नंतर सांगायचा. मान हलत होती. तेवढ्यात चिटणीस हसला आणि म्हणाला, हा मनुष्य पायांनी ऐकतो, डोक्याने बोलत असेल याची खात्री कुणी द्यावी. खोलीत हशा पिकला. थोरलेही हसले, आणि एकदा हसल्यावर मागे कसं फिरायचं?

आठवड्यात मुकादम मेला. पाटीएवढा दगड शंभर पावलं उडाला, छपरीचा पत्रा फाडून आत आला आणि हजेरी लिहीत बसलेल्या मुकादमाचं डोकं खांद्यांपासून उचलून भिंतीवर चिकटवून गेला. लेखणी हातातच होती. तळव्याने ते स्वतःच्या हातांनी खरवडून काढलं, कारण दुसरं कुणी आत यायला तयार नव्हतं. काढलेलं सगळं फडक्यात गुंडाळून तो तसाच रक्ताळलेल्या सदऱ्याने पुन्हा कचेरीत गेला आणि फडकं मेजावर ठेवलं. बोलायचं धाडस एकदाच केलं होतं, ते संपलं होतं.

थोरले क्षणभर पांढरे पडले. चिटणीस म्हणाला, मुकादम भिंतीसाठी गेला, धन्य झाला, त्याचं नाव पायरीवर कोरू. थोरल्यांचा रंग परत आला. मेज घाण केल्याबद्दल त्यांनी तळव्याला तिथेच वेताने फोडून काढलं. तेरा फटके. तळव्याला मोजायची सवयच होती.

आता मुकादमाची जागा मोकळी झाली, आणि इथे जावई येतो.

तळव्याला एकच मुलगी. तिचा नवरा खाणीतला पहिल्या नंबरचा पहारवाला. माणूस म्हणजे उभा खडक. त्याने पाडलेलं भोक बघायला लोक यायचे, इतकं सरळ. एकच खोड, कौतुकाचा भुकेला. कुणी पाठीवर थाप मारली की हा आणखी दोन भोकं पाडणार. चिटणीसाने ते बरोबर हेरलं आणि थाप मारून सांगितलं, की पुढचा मुकादम तूच. तेव्हापासून जावई थोरल्यांचं नाव घेताना उभा राहायला लागला. सासऱ्याने जेवताना सावकाश सांगून पाहिलं, की जावईबापू, ज्या खुर्चीतला माणूस आपण फडक्यात बांधला तिच्यावर बसायची घाई कशाला. जावई म्हणाला, मामा, तुम्ही भिऊन भिऊन सव्वीस वर्षांत बत्तीवालेच राहिलात. मुलगी ताटावरून उठून गेली. तळव्या वरण चाटत राहिला, पण त्याला चव लागली नाही.

विजयदिनाच्या आदल्या दिवशी शेवटचा दगड काढायचा होता. भिंतीच्या माथ्यावर मधोमध बसायचा तो पांढरा शुभ्र दगड, थोरल्यांनी स्वतः निवडलेला. तो निघताना बघायला थोरले, चिटणीस, डॉक्टर, ठेकेदार, पाहुणे, बंदूकवाले, अशी सगळी वरात दुपारी खाणीच्या तोंडाशी फळ्यांच्या मंचावर येऊन बसली. पांढऱ्या दगडामागे जावयाने नऊ भोकं पाडून ठेवली होती. तळव्याने दारू भरली, आणि ती दुप्पटच, कारण चिटणीसाचा माणूस माप घेऊन डोक्यावर उभा होता आणि पाठीवरचे वळ अजून ओले होते.

शिट्टी झाली. वाती पेटल्या. तळव्या पळत आला, बूट काढले आणि डोळे मिटून उभा राहिला.

पहिला बार उडाला तेव्हा मंचाच्या फळ्या वाजल्या. दुसऱ्याला डोंगराने कण्हल्यासारखं केलं. प्रत्येक बारागणिक चिटणीस हात वर करायचा आणि लोक ओरडायचे, थोरल्यांचा विजय असो. धूळ, ओरडा, वरून रपरप पडणारे खडे. एका पाहुण्याचा कान दगडाच्या कपचीने चिरला. तोसुद्धा एका हाताने कान दाबून दुसऱ्या हाताने विजय म्हणत होता. सात झाले. आठवा झाला. तळव्या वाट बघत राहिला. पायाखाली जमीन गप्प. आणि तेवढ्यात समोरच्या उतारावरून नववा दणका आला, मोठा, कोरडा, पोकळ. लोकांनी एकच गलका केला.

तळव्याचे पाय मात्र काही बोलले नव्हते. त्याने डोळे उघडून समोर पाहिलं. तिथे भिंत उभी होती. भिंत माथ्यापर्यंत आल्यापासूनचे हे पहिलेच बार. आधीचे प्रतिध्वनी पुढच्या बारांच्या आवाजात बुडून गेले होते, आणि आठव्यानंतर पुढचा बारच नव्हता, म्हणून त्याचा तेवढा एकटा ऐकू आला. तळव्याने कमरेचं लाल फडकं सोडलं आणि खाणीच्या तोंडाशी टांगलं.

थोरल्यांनी विचारलं, हे काय.

"आठ उडाले, थोरले. एक आत आहे. उद्या याच वेळेपर्यंत आत जाता येणार नाही."

थोरल्यांनी चिटणीसाकडे मान वळवली. चिटणीस म्हणाला नऊ, आणि नववा तर सगळ्यांत दणदणीत. डॉक्टर म्हणाला नऊ, मी नाडीवर मोजले. ठेकेदार म्हणाला नऊ. मागच्या रांगेतल्या एकाने उत्साहाच्या भरात दहा सांगितले, त्याला शेजाऱ्याने कोपर मारलं तेव्हा तो नवावर आला. मग थोरले म्हणाले, की मीही नऊच ऐकले. आणि तिथून पुढे नऊ हा आकडा उरला नाही, तो हुकूम झाला.

तळव्या तरीही बोलला. म्हणाला, नववा बार इथे झाला नाही, तुमच्या भिंतीवरून आठव्याचाच आवाज परत आला.

"म्हणजे थोरल्यांची भिंत खोटं बोलते म्हणतोस?" चिटणीसाने विचारलं.

थोरल्यांचा वेत तळव्याच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, डोळ्यात रक्त उतरलं. दुसऱ्या हाताने थोरल्यांनी लाल फडकं ओढून काढलं आणि खाली टाकलं. उद्या विजयाचा दिवस होता. पाहुणे आले होते. एका भोकासाठी, आणि तेही पायांनी मोजलेल्या, विजय एक दिवस थांबणार? त्यांनी जावयाला हाक मारली आणि सांगितलं, जा मुकादम, तो पांढरा दगड पहारीने उचकून मोकळा कर.

थोरले त्याला मुकादम म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. जावयाची छाती एवढी फुगली की सदऱ्याची गुंडी सुटली. त्याने पहार खांद्यावर घेतली आणि निघाला.

तळव्याने आधी हात धरला, मग पाय धरले. सासऱ्याने जावयाचे पाय धरले म्हटल्यावर लोक खिदळले. जावई लाजेने काळानिळा झाला.

"मामा, सोडा. चारचौघांत माझी अब्रू काढू नका."

"जावईबापू, नऊ नाही झाले हो. माझ्या पोरीचा विचार करा."

"सगळे नऊ म्हणतायत. तुम्ही एकटे शहाणे?"

त्याने पाय झटकला. तळव्या तोंडावर आपटला. डोकं वर केलं तर जावई खाणीच्या तोंडातून आत पाऊल टाकत होता, आणि हाताशी, कुणा दगडफोड्याने ठेवलेला घण पडला होता. तळव्याने तो उजव्या हाताने आणि डाव्याच्या दोन बोटांनी उचलला, धावला, म्हणाला, जावईबापू, माफ करा, आणि मागून डाव्या गुडघ्यावर पूर्ण ताकदीने घातला.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. पाय जिथे वाकायचा नाही तिथे वाकला, हाडाचं टोक विजारीतून बाहेर आलं. जावई बैलासारखा ओरडला आणि पडला. पडल्या पडल्या त्याने सासऱ्याच्या सात पिढ्यांना ज्या शिव्या दिल्या, त्यांतल्या निम्म्या तोवर त्या मुलखात कुणी ऐकल्या नव्हत्या. तळव्याने त्याला काखेत धरून फरफटत बाहेर ओढला, तोच बंदूकवाले येऊन पोचले. बंदुकीच्या दस्त्याने त्यांनी तळव्याचे पुढचे चार दात पाडले, दोन बरगड्या मोडल्या, आणि तो दुमडला तेव्हा बुटांनी तुडवला. तो मुलीच्या नवऱ्यावर आडवा पडून राहिला, त्याला पुन्हा उठता येऊ नये म्हणून.

थोरल्यांनी दुसऱ्या पहारवाल्याला खूण केली. त्याने पहार खाली ठेवली आणि बसला. तिसरा बसला. मग एकामागून एक सगळे बसले. बंदूकवाल्यांनी दोघांची डोकी फोडली, तरी ते रक्त पुसत बसूनच राहिले. सासऱ्याने स्वतःच्या जावयाचा पाय मोडलेला त्यांनी पाहिला होता. त्यापुढे नऊ म्हणणारे दोनशे लोक काय होते?

दोनशे माणसं गप्प झाली. अशी शांतता भाटाला सहन होत नाही, तिथे त्याचा जीव गुदमरतो. काहीतरी बोलायचं म्हणून चिटणीस नेहमीचं बोलून गेला, की ज्यांना गोळी वळसा घालून जाते त्यांना दगडाची काय तमा. त्याला वाटलं टाळ्या पडतील. थोरल्यांना वाटलं, बरोबर आहे. ते उठले. जावयाच्या हातातून पडलेली पहार त्यांनी उचलली, दुसरा हात चिटणीसाच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, चल, तूही नऊ ऐकलेस ना.

मागोमाग सगळी वरात निघाली खरी. दहा पावलांवर डॉक्टरच्या बुटाचा बंद सुटला. पंधरा पावलांवर ठेकेदाराला खोकला आला. कुणाचं घड्याळ मंचावर राहिलं, कुणाला तहान लागली. खाणीच्या आत शिरले ते दोघेच, थोरले आणि त्यांच्या पंज्यात खांदा अडकलेला चिटणीस.

आत काय झालं ते पुढे चिटणीसानेच दवाखान्यात सांगितलं, जो पाणी पाजेल त्याला सांगितलं. पांढऱ्या दगडापासून तीस पावलांवर तो म्हणाला, "थोरले, मी आठच मोजले होते."

थोरले थांबले. मागे वळून त्यांनी मंचाकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. चिटणीस शपथेवर सांगायचा, की त्या वेळी त्यांचा चेहरा पुलावरच्या दिवसासारखा दिसला. तो पुलावर नव्हता, पण ते असो. थोरले हळू आवाजात म्हणाले, "आता कोणत्या तोंडाने माघारी जाऊ?" आणि त्यांनी त्याचा खांदा सोडला.

चिटणीस पळाला. थोरल्यांनी दगडाखाली पहार घातली आणि दाब दिला.

तो बार दुप्पट दारूचा होता आणि एकटा होता. तडकलेला कडा त्याने मुळापासून हलवला. आधी आग, मग दगड, मग सगळा डोंगरच खाली आला. मंचाच्या फळ्या माणसांसकट उलटल्या. चिटणीसाचा एक हात खांद्यापासून गेला आणि दोन्ही डोळे खड्यांनी फुटले. ठेकेदाराच्या पोटात कपची घुसली, तो आतडी हातात धरून संध्याकाळी मेला. थोरल्यांना शोधायला चार दिवस ढिगारा उपसला. सापडलं ते एका टोपलीत मावलं, आणि त्यातलंही सगळं त्यांचंच होतं असं कुणी छातीठोक सांगू शकलं नाही. पांढऱ्या दगडाची वाळू झाली होती.

बंदूकवाले धुळीत उभे होते. कुणाला मारायचं ते सांगणारा आता नव्हता, तर त्यांतल्या एकाने खाली वाकून तळव्याला उठवून बसवलं आणि पाणी हवंय का विचारलं.

दवाखान्यात बापलेक समोरासमोर आली. मुलगी नवऱ्याच्या पायाशी बसून होती, बापाशी बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "बाबा, घणाशिवाय दुसरं काही नव्हतं का हाताशी?" तळव्या दात पडलेल्या तोंडाने म्हणाला, पहार होती, पण ती जावईबापूंकडे होती. मुलगी रडता रडता हसली, मग पुन्हा चिडली आणि आठवडाभर बोलली नाही.

दोन महिन्यांनी नवीन अधिकाऱ्यांनी शाळेच्या खोलीत चौकशी मांडली. मंचावर हजर असलेल्या एकतीस जणांची जबानी झाली. एकतीसही जणांनी सांगितलं की आम्ही आठ मोजले आणि तसं थोरल्यांना वारंवार सांगितलं. मग नऊ कोण म्हणालं, असं अधिकाऱ्याने विचारलं. एकतीस जण म्हणाले, थोरले. दहा म्हणणारा तर म्हणाला की माझ्या मते सातच होते.

शेवटी तळव्याची पाळी आली. बंदूकवाल्यांच्या जुन्या कागदात नोंद होती, की बत्तीवाल्याने एका कामगारावर घणाने हल्ला केला. गुन्हा शाबीत झाला तर तीन वर्षं आत. जावई दोन काठ्यांवर लटकत पुढे आला आणि म्हणाला, हल्ला कसला, मामांच्या हातातून घण निसटला.

"निसटला नाही, साहेब," तळव्या म्हणाला. "मी मारला. नेम धरून मारला."

"मामा, तुम्ही गप्प बसा."

"खोटं कशाला बोलायचं, जावईबापू. निसटलेल्या घणाने एवढं स्वच्छ मोडत नाही."

अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. जावयाला विचारलं, की तुमची याबद्दल तक्रार आहे की नाही, एक काय ते सांगा. जावयाने आपल्या वाकड्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तक्रार आहे. पण ती घरची आहे, सरकारची नाही." अधिकाऱ्याने कागद फाडला.

घरी जायला गाडी नव्हती. तळव्याने दगड वाहायची हातगाडी मागून आणली, तीत पोतं अंथरलं आणि जावयाला उचलून बसवलं. शाळेचं फाटक ओलांडताच जावयाचं तोंड सुटलं. सरकारी खोलीत नसतं शहाणपण कशाला केलंत, तुम्हाला तुरुंगाची हौस आहे का, पाय तर मोडलातच आता बायकोला कोण समजावणार, जन्मभर लंगडायला लावलंत, मुकादमाची जागा गेली, तुमच्यासारखा सासरा शत्रूलाही मिळू नये, आणि त्यानंतर त्या खास शिव्या, एकेक करून, ठणठणीत आवाजात. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. तळव्याची बायको अर्ध्या वाटेत सामोरी आली आणि म्हणाली, अहो, जरा भरभर चला, सगळा गाव ऐकतोय.

तळव्या हो म्हणाला आणि गाडी आणखी सावकाश ढकलू लागला.